सकाळी सातचा तास

आमच्या पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र मुख्य विषय घेतला की गणित हा जोडविषय सहसा मिळायचा नाही. वेळापत्रकात दोन्ही एकमेकांवर यायचे. गणिताच्या बाईंनी आम्हा मोजक्या मुलांसाठी कॉलेज भरायच्या आधी, सकाळी सातला एक तास ठेवला. मला तो हवाच होता. तिसऱ्या वर्षाला मुंबईला, विद्यापीठाच्या विभागात जायचं माझ्या मनात होतं, आणि तिथे पालघरची दोन वर्षं धरली जायची असतील तर रसायनाबरोबर गणिताचेही ठरलेले क्रेडिट लागणार होते. वर्गातल्या बाकीच्या मुली उठायच्या आत मी बाकावर बसलेली असायची आणि त्या घरी जायच्या तेव्हा माझं दुसरं प्रॅक्टिकल सुरू व्हायचं.

हे सगळं मी पप्पांना जेवताना समजावून सांगितलं होतं. क्रेडिट म्हणजे काय, ते एका कॉलेजातून दुसरीकडे कसे नेता येतात, कोणते नेता येत नाहीत. पप्पा साताऱ्याकडचे. माझ्या जन्माआधी बोईसरला आले आणि एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले. आम्ही कुंभवलीला, कंपन्यांच्या अगदी पाठीला राहायचो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ओव्हरटाइम."

"हो, पण हा पुढच्या ठिकाणी मोजला जातो."

"मग कर. न मोजलेला ओव्हरटाइम आम्ही लय केलाय."

अडचण फक्त सातला पालघरला पोचण्याची होती. पहाटेच्या बसचा भरवसा नव्हता आणि अंधारात अनोळखी माणसांबरोबर टमटमने जायला आईची तयारी नव्हती. पप्पांच्या पाळ्या आठवड्याआड फिरायच्या, त्यामुळे एका आठवड्यात ते सोडायला येऊ शकत होते तर पुढच्या आठवड्यात नाही. यावर त्यांनी एक तोड काढली. त्यांच्याच प्लांटवरच्या एका भैयांना घरात लहान मूल असल्यामुळे रात्रपाळी नको होती. पप्पांनी त्यांची रात्रपाळी कायमची मागून घेतली. ती पाळी सकाळी सहाला सुटायची. ते परस्पर मोटारसायकल घेऊन यायचे, मला पालघरला सोडायचे आणि परत जाऊन झोपायचे.

मी तेव्हा नको म्हणाले नाही. तसं म्हणायला हवं होतं हे आता लिहिणं सोपं आहे. मला आठवतं ते इतकंच, की त्या संध्याकाळी मी फार खुशीत होते.

दिवसा त्यांना झोप लागायची नाही. आमच्या गल्लीत टँकर यायचे, शेजारी मिक्सर चालायचा, आई दारात उभी राहून पोरांना हळू खेळा म्हणून सांगायची. त्यांचे डोळे कायम तांबारलेले असायचे. मी ते पाहत होते आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालत होते. गाडीवर ते मला म्हणायचे, "बोलत राहा गं, न्हाई तर डोळा लागतोय." मग मी आदल्या दिवशीचं प्रमेय त्यांच्या पाठीला मोठ्यानं म्हणून दाखवायची. माझी उजळणी व्हायची. ते अधूनमधून "हं" म्हणायचे.

डिसेंबरातल्या एका सकाळी मला सोडून ते घरी गेले, चहा नको म्हणाले आणि झोपले, ते उठलेच नाहीत. माझा फोन बंद करून दप्तराच्या तळाशी ठेवलेला होता. मला कळलं ते प्रॅक्टिकलच्या सुट्टीत. रक्तदाब होता, असं कधीही होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. 'कधीही' हा शब्द मी पुष्कळ दिवस धरून ठेवला होता. त्यावर माझा विश्वास कधीच बसला नाही.

गावाकडून थोरले काका आणि काकू आली. शेजारच्या बायकांनी पाळी लावून पिठलं-भाकरी आणली. माणसं यायची, भिंतीला टेकून बसायची, आणि दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं म्हणून न बोलता उठून जायची. ज्यांची रात्रपाळी पप्पांनी घेतली होती ते भैया रोज यायचे. दाराजवळ बसायचे आणि फरशीकडे बघत राहायचे. एकदा मी पाणी द्यायला गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "बिटिया, हम उस दिन ना बोल देते तो अच्छा था." त्यांना वाटत होतं की रात्रपाळी त्यांनी पप्पांवर ढकलली. ती कुणासाठी मागितली होती हे पप्पांनी त्यांना सांगितलं नसावं. मी सांगू शकले असते. पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि आत आले.

याच दिवसांत कॉलेजचा निरोप आला. पुढच्या सहामाहीसाठी विषय कायम करायचे होते आणि कुणाला एखादा सोडायचा असेल तर महिनाअखेरपर्यंत मुभा होती. मला झोप लागली असं समजून काकू अंगावर पांघरूण घालून गेल्या. मी त्या पांघरुणाखाली फोनवर पुढच्या सहामाहीचे विषय जुळवत होते. प्रॅक्टिकल मंगळवारी आलं तर गणिताचा दुसरा तास कुठे बसेल, हे पाहत होते. पलीकडे आई रडत होती आणि माझा हिशेब जुळत आला होता.

काकांच्या मनात वेगळं होतं. ते कंपनीतल्या कुणाशी तरी बोलून आले होते. पप्पांच्या जागी मला लॅबमध्ये घेतील, निदान प्रयत्न करतील, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मी विषय कमी करायचे, परीक्षेपुरतं कॉलेज करायचं, नोकरी धरायची आणि आईजवळ राहायचं. "शिकू नगं असं कोण म्हनतंय? पण माणसानं झेपंल एवढंच घ्यावं," ते म्हणाले. यात वावगं काहीच नव्हतं.

दहाव्याला नदी कुठली शोधायची हा प्रश्न पडला. गावी असतो तर कृष्णेवर गेलो असतो. आमच्या बाजूच्या नाल्याचं पाणी काकांनी एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. शेवटी जीप करून आम्ही नवापूरला समुद्रावर गेलो. काकांच्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, विधी केले. गुरुजींनी पिंड मांडले, आम्ही सगळे मागे सरकून बसलो आणि कावळ्याची वाट पाहू लागलो.

कावळे पुष्कळ होते. सुरूच्या झाडांवर होते, होड्यांवर होते, वाळूत चालत होते. पण पलीकडे बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि सगळ्या कावळ्यांचं लक्ष तिकडे होतं. आमच्या भाताकडे एकानंही मान वळवली नाही. ऊन वर आलं. काका उठून पुढे गेले, हात जोडले आणि भावाशी बोलावं तसं बोलले. भावजयीला अंतर देणार नाही, पोरीचं लग्न स्वतः करून देईन, घराची काळजी करू नको. कावळा आला नाही. मग एकेक जण उठू लागला. काकूंनी गावचं घर वाटून घेणार नाही असं सांगितलं, त्यावर काकांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. भैयांनी डोळे मिटून, बिटिया का हम ध्यान रखेंगे, असं पुनःपुन्हा म्हटलं.

"त्याला मराठीत सांगा कुणीतरी," काका पुटपुटले. भैयांनी ते ऐकलं आणि खरोखरच, मोडक्या मराठीत, तेच पुन्हा सांगितलं. कुणाला हसू आलं नाही. मला आलं, आणि मी तोंडावर ओढणी घेतली. सगळ्यांना वाटलं मी रडते आहे.

माझ्या बाजूला थोड्या अंतरावर एक म्हातारी बाई बोंबील उलटत होती. तिनं मला विचारलं, "बापूस गेला काय तुजा?"

मी मान हलवली.

"आमचे कावले भाताला नाय येत, बाय. मावरं खाऊन माजलेत." मग आमच्या माणसांकडे पाहत म्हणाली, "लांबून आलेली दिसतात. उनात किती बसतील बिचारी."

इकडे गुरुजी घड्याळ पाहत होते. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू या असं सुचवलं, शास्त्राला ते चालतं म्हणाले. काका ऐकेनात. "गवताच्या कावळ्यानं भागत न्हाय, गुरुजी. त्याचं काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते सांगा कुणीतरी." असं म्हणून त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. बोंबलांचं मला नुकतंच सांगितलं गेलं होतं, मला कारण माहीत होतं. तरीही पिंडासमोर उभी राहिले तेव्हा ते कारण पुरेसं वाटलं नाही. पप्पा झोपेवाचून माझ्यापुढे बसले आहेत आणि मी त्यांना उठू देत नाहीये, असं काहीतरी वाटत होतं. मी म्हणाले, "पप्पा, मी सातचा तास सोडते. आईला सोडून कुठे जात नाही."

हे मी मनापासून म्हणाले. ते लिहून ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या उलट आहे.

मी मागे सरले तेव्हा सगळे झाडांकडे पाहत होते. मी म्हातारीकडे तोंड करून होते. तिनं टोपलीतला एक तुटका बोंबील उचलला आणि कमरेखालून, कुणाच्या नजरेत येणार नाही असा, भिरकावला. तो पिंडाला लागून पडला. लगेच एक कावळा उतरला, त्यानं बोंबील उचलला, आणि उचलताना त्याची चोच भातात गेली. काकांनी मोठ्यानं रामकृष्णहरी म्हटलं. माळकरी माणूस, आयुष्यात मासळीला हात न लावलेला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. म्हातारी पुन्हा बोंबील उलटायला लागली होती.

जीपमध्ये काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या शब्दासाठी अडला हुता बघ." गावी जाईपर्यंत त्यांनी हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. तेरावा झाला, ती मंडळी गेली, आणि घरात आई आणि मी राहिलो.

मी कॉलेजात जाऊन गणिताच्या बाईंना भेटले आणि विषय सोडते म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. घरी आई एकटी आहे, असं सांगितलं. बाई मितभाषी. त्यांनी एवढंच समजावलं की हा विषय आत्ता सुटला तर उरलेले क्रेडिट नंतर भरून काढता येणार नाहीत, मुंबईचं विसरावं लागेल, आणि पदवी मात्र इथली नीट मिळेल. सोडणं फोनवरूनच करायचं होतं, त्यांच्या सहीची गरज नव्हती. निघताना त्यांनी विचारलं, की या सहामाहीचा तास तरी बुडवणार नाहीस ना, विषय सोडायची मुदत अजून संपलेली नाही. मी नाही बुडवणार म्हणाले आणि तरी दोन-तीन दिवस गेले नाही.

ते दिवस मी फोन हातात घेऊन बसायची. तो विषय समोर दिसायचा, शेजारी तो काढून टाकायची खूण होती. माझं बोट तिथे जायचं आणि थांबायचं. मी स्वतःला सांगायची की कावळा बोंबलाला आला होता, भाताला नव्हे. पण शब्द मी कावळ्याला कुठे दिला होता? उलट बाजूनं विचार केला तरी सुटका नव्हती. ज्या तासासाठी पप्पा झोपले नाहीत तोच सोडून द्यायचा, म्हणजे मग ते कशासाठी जागले? तो तास चालू ठेवायचा, तर ज्यानं त्यांना नेलं त्याचाच फायदा घ्यायचा. आणि सगळ्यात खाली, जिथे मी पाहायचं टाळत होते, तिथे मला जायचंच होतं. ते पांघरुणाखालीही होतं.

मुदत संपायच्या आदल्या दुपारी आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आई, त्या दिवशी कावळा भाताला आला नव्हता."

तिनं हात थांबवला नाही. "बोंबलाला आला होता. दिसलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? तू राहते म्हणालीस. मला बरं वाटलं." थोडा वेळ ती काड्या वेगळ्या करत राहिली. मग म्हणाली, "राहा असं माझ्या तोंडून कधी निघालं नसतं. कावळ्यानं परस्पर केलं, म्हटलं राहू दे."

आईला मी कधी अशी पाहिली नव्हती. तिला लाज वाटत होती, आणि ती लपवायचा प्रयत्न करत नव्हती. त्यानं धीर येऊन मी विचारलं, पप्पा त्या तासामुळे गेले असं तुला वाटतं का. ती नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. सगळे तसंच म्हणतात.

"वाटतं कधी कधी," ती म्हणाली. "मग आठवतं, पाळी बदलू का म्हणून त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हणाले."

"मी जाऊ का मग?"

"मला विचारू नकोस. जा म्हटलं तर मला झोप नाही. नको म्हटलं तर तुला नाही. तुझा शब्द होता, तू दिलास. आता ठेव नाहीतर मोड, पण माझ्या नावावर नको."

तिनं मेथी पातेल्यात भरली आणि मोरीकडे गेली. नळ सुरू झाला. मी तिथेच बसून फोन काढला आणि सगळे विषय, गणितासकट, होते तसे कायम केले. आई बाहेर आली तेव्हा तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्या 'बरं'मध्ये काय होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढच्याच महिन्यात ती स्वतः कंपनीत जाऊन पॅकिंगला लागली. मला लागल्यावरच सांगितलं. सातच्या तासाला मी टमटमने जाऊ लागले, त्याला आता तिची हरकत नव्हती.

काकांना मात्र मी स्वतः कळवायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर ते आईला बोलले असते. मी फोन केला आणि सांगितलं की मी तास सोडलेला नाही आणि वर्ष संपल्यावर मुंबईला जाणार आहे. मागे गोठ्यात कुणीतरी म्हशीला हाकारत होतं.

"मग त्यो कावळा कशाला शिवला?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. "खोटा हुता काय?"

मला सगळं सांगता आलं असतं. टोपली, म्हातारी, तिचा हात. एका वाक्यात माझ्यावरचा शब्द उतरला असता. पण त्या दिवसापासून हा माणूस आपला भाऊ शांतपणे गेला असं धरून चालला होता. पिंडाला मासळी लागली होती हे कळल्यावर त्यांनी पुन्हा दहावा घातला असता, आणि तोही मनासारखा झाला नसता.

"कावळा खराच होता, काका," मी म्हणाले. "शब्द मी मोडला."

त्यांनी फोन ठेवला. आता ते फक्त आईशी बोलतात. तिनं माझं नाव काढलं तर विषय बदलतात, असं ती सांगते. मी आता मुंबईला वसतिगृहात असते. सुट्टीत गावी जायचा विषय निघतो तेव्हा आई म्हणते, एवढ्यात नको. मीही एवढ्यात नको म्हणते.